रात्री टॉर्च मारला की कोळंबीचे डोळे निखाऱ्यासारखे, दिवसा काळेभोर, असं का?

कोथरूडचा टँकवाला:
नमस्कार मंडळी. वेल्ह्याजवळ मामाचं गाव आहे, तिथल्या ओढ्यातनं मे महिन्यात चार कोळंब्या आणल्या, बोटाएवढ्या, लांब नांग्यांच्या. दिवसा डोळे अगदी मिरीच्या दाण्यासारखे काळे. काल रात्री साडेअकराला लाइट गेली म्हणून मोबाईलचा टॉर्च टँकवर मारला तर चौघींचे डोळे केशरी, चुलीत फुंकर घातल्यावर निखारा दिसतो ना तसे! लेक म्हणाली बाबा या आजारी पडल्यात, आणि मलाही पोटात धस्स झालं. टॉर्च तसाच धरून बसलो तर हळूहळू चमक मंदावली, सकाळी बघतो तर परत काळे. हा आजार आहे का? आणि टॉर्चने त्यांना त्रास झाला असेल का?

मुळाकाठ:
आजार नाही रे, मांजराचे डोळे चमकतात तसंच आहे. खातायत-पितायत ना, मग काळजी करू नकोस.

कोथरूडचा टँकवाला:
हो दादा, खाणं व्यवस्थित आहे. पण मांजराच्या डोळ्याची चमक टॉर्च धरून ठेवला म्हणून जात नाही ना, हिची गेली, तेच कळत नाहीये.

सूक्ष्मदर्शक ताई:
तुम्ही नेमकं बघितलंत, उत्तर त्या "हळूहळू मंदावली"मध्येच आहे.

कोळंबीचा डोळा म्हणजे हजारो बारीक नळ्यांची जुडी, एकेका नळीला ओमॅटिडियम म्हणतात. वरून भिंगातून बघितलंत तर कोळंबीच्या डोळ्याचे कप्पे चौकोनी दिसतात, माशीसारखे षटकोनी नाहीत, आणि त्या चौकोनांच्या आतल्या बाजू आरशाचं काम करतात. हे क्रेफिश (गोड्या पाण्यातला, लॉबस्टरसारखा दिसणारा प्राणी) आणि कोळंबीत १९७५-७६ च्या सुमारास क्लाउस फोग्ट आणि मायकेल लँड या संशोधकांनी वेगवेगळं शोधलं. रात्री कितीतरी कप्प्यांतून आलेला उजेड हे आरसे एकाच ठिकाणी पाडतात, म्हणून अंधारातही तिला दिसतं. पण तोच डोळा भर दुपारी तसाच उघडा राहिला तर? म्हणून तिच्याकडे पडदे आहेत, काळ्या-तपकिरी रंगद्रव्याच्या कणांचे. उजेड झाला की वरच्या पेशींतलं रंगद्रव्य खाली सरकतं, खालच्या पेशींतलं वर येतं, मग प्रत्येक नळी शेजारणीपासून वेगळी पडते आणि तळाचा चमकणारा थर, टॅपेटम, झाकला जातो. रात्री पडदे बाजूला, थर उघडा, टॉर्चचा उजेड त्यावर आपटून परत येतो, तोच तुमचा निखारा.

एमएस्सीला असताना मी या डोळ्यांचे काप घेतलेत. एक कोळंबी उजेडातली, एक रात्रभर अंधारात ठेवलेली, दोन्हींचे काप एकाच स्लाइडवर. एकीत काळा पट्टा मधोमध शाईने ओढल्यासारखा, दुसरीत तोच काळा वरती आणि अगदी बुडाशी, मधली जागा स्वच्छ. तासभर नजर हलली नव्हती माझी तिथून.

हे पडदे कोण हलवतं? खालचे बरेचसे उजेड पडल्यावर स्वतःच हलतात. वरच्यांचा हुकूम मात्र डोळ्याच्या दांड्यातून सुटणाऱ्या हार्मोनचा, १८ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. उत्तरेकडच्या समुद्रातल्या कोळंबीपासून वेगळं करून १९७६ मध्ये तिची रचना कळली. तेच हार्मोन अंगावरच्या रंगपेशींतला रंगही पसरवतं. आणि क्रेफिशला सतत अंधारात ठेवलं तरी डोळ्यातला दिवस-रात्रीचा फरक काही दिवस चालू राहतो, म्हणजे घड्याळ आतच आहे.

मासळीवाली सून:
ताई, गणेश पेठेतनं कोळंबी आणते तेव्हा शिजवल्यावर अंग लालभडक होतं पण डोळे काळेच राहतात, ते याचमुळे का?

सूक्ष्मदर्शक ताई:
हो! अंगातला लाल म्हणजे अ‍ॅस्टाझँथिन, कच्चं असताना प्रोटीनला चिकटलेलं असतं, उष्णतेने सुटतं. डोळ्यातला काळा मुख्यतः ओमोक्रोम गटातला, ती वेगळीच जात, किडे-माश्यांच्या डोळ्यांतही सापडते, शिजवून ती लाल होत नाही.

कोथरूडचा टँकवाला:
ताई, वाचून लगेच करून बघितलं. लाइट बंद करून दोन तास थांबलो, मग टॉर्च, चौघी केशरी! मग टँकचा दिवा लावून घड्याळ बघत बसलो, साधारण वीस-पंचवीस मिनिटांत चमक पार गेली. लेकीने वहीत चित्र काढून ठेवलंय, केशरी ठिपके आणि काळे ठिपके. पण टॉर्चच्या त्रासाचं राहिलं.

सूक्ष्मदर्शक ताई:
दोन-चार मिनिटांच्या टॉर्चने काही बिघडणार नाही, पण सवय करू नका. पडदे सरकायला वेळ लागतो आणि तेवढ्यात झगझगीत उजेड थेट आत जातो. युरोपातल्या समुद्रात नेफ्रॉप्स नावाचा लॉबस्टरचा भाऊबंद असतो, अंधाऱ्या तळाशी राहणारा, त्याला वर आणून दिवसाउजेडी ठेवलं की डोळ्याचं दृष्टिपटल (रेटिना) कायमचं खराब होतं. तुमच्या ओढ्यातल्यांना रोजचा सूर्य माहीत आहे, त्यांचं एवढं नाजूक नाही. तरी सकाळी आधी खिडकीचा पडदा उघडा, अर्ध्या तासाने टँकचा दिवा लावा. आणि रात्री लेकीला दाखवायचंच असेल तर टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावा, त्यांना लाल उजेड कमी जाणवतो.