प्लॅनर सगळ्यांना मोकळा सोडा म्हणे! मग निस्तरायचं कुणी?

शिरोलीचा सर्व्हर
परवा इथं एका सल्लागारसाहेबांनी मायक्रोसॉफ्ट प्लॅनरवर, म्हणजे टीममध्ये कामं वाटून द्यायच्या अ‍ॅपवर, लिहिलं होतं, "प्लॅन बनवायला आयटीची परवानगी कशाला? प्लॅनर सगळ्यांना खुला ठेवा, टीम आपोआप शिस्त लावून घेते. अ‍ॅडमिन म्हणजे नुसती अडवणूक." खाली अंगठ्यांची रांग. मी गप्पच बसणार होतो, पण आमच्या प्लांट हेडनी तीच पोस्ट मला फॉरवर्ड केली, वर 'बघा जरा' असं लिहून. आता ऐकाच.

आमची फौंड्री कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत. मोल्डिंगपासून डिस्पॅचपर्यंत सगळ्यांना प्लॅनर मोकळा दिला होता. आज 'मेंटेनन्स', 'मेन्टेनन्स', 'मेंटेनन्स नवा' आणि 'मेंटेनन्स फायनल' असे चार प्लॅन सुखानं नांदताहेत. फर्नेसच्या लायनिंगचं काम एकात 'पूर्ण', दुसऱ्यात 'सुरू' आणि तिसऱ्यात कुणाच्याच नावावर नाही. बरं, प्लॅन म्हणजे नुसता फळा नव्हे. साधा प्लॅन काढला की सहसा मागं एक मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुप उभा राहतो. त्याची मेलबॉक्स येते, शेअरपॉइंट साइट येते, अ‍ॅड्रेस बुकात नाव येतं. हे सगळं त्या प्लॅन काढणाऱ्याला माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचंही नसतं.

क्वालिटीचा एक इंजिनिअर चाकणला गेला. कस्टमर कंप्लेंटच्या प्लॅनला तो एकटाच ओनर. त्याचं अकाउंट बंद झालं, ग्रुप पोरका झाला. नव्या माणसाला आत घ्यायचा अधिकार टीममधल्या कुणाकडंच नाही, म्हणून त्यानं शेजारी दुसरा प्लॅन थाटला. ऑडिटरनं जुन्या कंप्लेंटवर काय केलं ते मागितलं, आणि ते सगळं पहिल्या प्लॅनमध्ये. तेव्हा बरोबर आयटीची आठवण झाली.

माझं म्हणणं साधं आहे. ग्रुप काढायचा अधिकार मोजक्या लोकांना. प्रत्येक प्लॅनला दोन ओनर. नावाच्या आधी खातं, म्हणजे डिपार्टमेंट. ज्याला प्लॅन हवा त्यानं मेल टाकायचा, तासाभरात देतो.

मोकळं रान
ती पोस्ट माझीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं साहेब.

तुम्ही अर्धंच सांगितलंत. प्लॅनरपुरती बंदी असं काही त्यात नसतं. ग्रुप काढायचा अधिकार काढला की टीम्समध्ये नवी टीम निघत नाही, आउटलुकात ग्रुप निघत नाही, शेअरपॉइंटची ग्रुपवाली टीम साइटही अडते. आणि परवानगीचा सिक्युरिटी ग्रुप पूर्ण टेनंटला, म्हणजे अख्ख्या कंपनीला, एकच. त्यात मोल्डिंगचा माणूस घातलात की त्याला सगळीकडंच रान मोकळं. वर एन्ट्रा आयडी (मायक्रोसॉफ्टची लॉगिन सांभाळणारी सेवा) पी-वन लायसन लागतं. पी-वन नसलेलं साधं लायसन घेतलेल्या कारखान्यानं चारशे लोकांना पी-वन घ्यायचं का, तुमच्या चार मेंटेनन्ससाठी?

आणि 'तासाभरात देतो' हे वाक्य प्रत्येक आयटीवाला म्हणतो. एका ठिकाणी मी स्वतः प्लॅन मागितला होता, मिळाला तेव्हा प्रोजेक्ट संपत आला होता. तोवर लोकांनी एक्सेल काढलं आणि काम त्यावर चाललं. अडवलं की लोक थांबत नाहीत, तुमच्या नजरेआड जातात. एवढंच.

दुसरी पाळी
दोघं बी एसीत बसून भांडालाय. आमच्याकडं कोण बघणार?

मोल्डिंगला सुपरवायझर हाय मी. रात्री साडेदहाला टास्क येतंय, 'रिजेक्शन कमी करणे', तारीख उद्याची. अरे, रिजेक्शन काय बटण हाय व्हय? सँडचं मॉइश्चर बघायचं, कोअर कुठला आलाय ते बघायचं, पॅटर्न घासलाय का बघायचं. हे कुठल्या चौकोनात लिवू? हाताला वाळू, मोबाइल लॉकरमधी. सकाळी उघडला की लाल रंगात 'लेट'. मीटिंगला तेवढा लाल रंग दाखवत्यात.

आन् एक. माझ्या नावावरची दोन टास्कं मधनंच गायब झाली. कुणी उडवली ते कळंना.

शिरोलीचा सर्व्हर
@दुसरी पाळी, भावा, तुमचं मात्र खरंय. प्लॅनमधला कुणीही दुसऱ्याचं टास्क उडवू शकतो, मूळ रचनाच तशी आहे. पण पॉवरशेलमध्ये, म्हणजे अ‍ॅडमिननं कमांड टाइप करायच्या टूलमध्ये, सेट-प्लॅनरयूझरपॉलिसी नावाची कमांड आहे. ती एखाद्या माणसाला लावली की त्याला स्वतः न बनवलेलं टास्क डिलीट करता येत नाही. माणसागणिक लावावी लागते, म्हणून कुणी लावत नाही. असली कामं अ‍ॅडमिनच करतो, 'आपोआप शिस्त' करत नाही.

@मोकळं रान, चारशे पी-वन हे तुम्ही घाबरवायला लिहिलंत. बंदी लावणारा अ‍ॅडमिन आणि परवानगीच्या ग्रुपमधले मोजके लोक, एवढ्यांनाच लागतं. ज्यांना अडवलंय त्यांना नाही. सल्ला देताना एकदा वाचून घेत जावा.

मोकळं रान
वाचूनच लिहितो. तुम्ही पुढं नावाचे नियम आणि एक्स्पायरी (न वापरलेला ग्रुप मुदत संपली की डिलीट) लावणारच, 'नावाच्या आधी खातं' असं वरच लिहिलंय तुम्ही. असली पॉलिसी ज्या ग्रुपांना लागते त्यातल्या प्रत्येक मेंबरला पी-वन हवं. मग झाले का चारशे?

कागलची एचआर
लायसनची भांडणं चालू दे, मला त्या चाकणच्या इंजिनिअरवर बोलायचंय. माणूस राजीनामा देतो तेव्हा आम्ही आयटीला मेल करतो. नो ड्यूजच्या फॉर्मवर लॅपटॉप, सिम, ओळखपत्र, कॅन्टीनची बाकी, सगळ्याला रकाना आहे. 'तुमच्याकडं कुठल्या प्लॅनची मालकी आहे' असा रकाना घाला म्हणून मी दोनदा लिहून दिलं. आयटीकडून उत्तर आलं, 'ते आमच्या स्कोपमध्ये नाही.' आता इथं येऊन 'ग्रुप पोरका झाला' म्हणून गळा काढायचा!

माझी कंपनी वेगळी आहे, पण आयटी सगळीकडं एकच.

शिरोलीचा सर्व्हर
ताई, आमच्याकडं उलटं आहे. राजीनाम्याचा मेल माणूस गेल्यावर येतो. कधी कधी निरोप समारंभाचे फोटो बघून आम्हाला कळतं. बाकी, पोरक्या ग्रुपासाठी अ‍ॅडमिन सेंटरमध्ये सोय आहे, सक्रिय मेंबरांना 'ओनर व्हाल का' अशी आपोआप मेल जाते. आमच्याकडं ती लावली, कुणी हो म्हणालं नाही. जबाबदारी म्हटलं की सगळ्यांची मेल स्पॅममध्ये जाते.

उद्यमनगर काका
मी जुना माणूस, वर्कशॉपवाला. एवढं वाचलं, एकच प्रश्न पडला. व्हॉट्सअ‍ॅप कशाला आहे? ऑगस्ट २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, तेव्हा तुमचा प्लॅनर कुणी उघडला होता का? माझा माल, माझे कामगार, कुणाच्या घरात पाणी, कोण कुठं अडकलंय, सगळं एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाललं. ना ओनर, ना लायसन.

शिरोलीचा सर्व्हर
काका, तुमचा मान राखून सांगतो, त्याच पुरात आमचं व्हॉट्सअ‍ॅपनंच वाटोळं झालं. कास्टिंगची गाडी किणी टोलनाक्याला थांबवायची असं एकानं लिहिलं, दुसऱ्यानं 'ओके' म्हटलं, मधे पाण्याचे फोटो, 'राजाराम बंधारा किती फूट?' (पंचगंगेची पातळी तिथं मोजतात), हात जोडलेली चित्रं. ड्रायव्हरला कुणीच फोन केला नाही, कारण 'ओके' म्हणजे दुसरा करतोय असं प्रत्येकाला वाटलं. गाडी पुढं आली आणि अडकली. टास्क असतं तर त्यावर एक नाव असतं.

दुसरी पाळी
टास्कवर नाव असून ड्रायव्हरकडं प्लॅनर होतं व्हय?

उद्यमनगर काका
घ्या! पोरानं बरोबर धरलं.

व्हीनस कॉर्नर
पुराची उदाहरणं देणाऱ्यांनी जरा भान ठेवावं. २०१९ ला आमच्या दुकानात पाणी होतं. ग्रुपवर 'बोट पाठवतोय' म्हणून नंबर फिरायचे, निम्मे बंद, निम्मे दुसऱ्याच गावचे. ४३ फूट ही धोक्याची पातळी हे इथल्या शेंबड्या पोराला पाठ असतं, तरी '६० फूट झाले' असे फॉरवर्ड आले आणि म्हातारी माणसं रात्री घरातून बाहेर पडली. काका, तुमचा ग्रुप चालला कारण त्यात तुमचे वीस ओळखीचे लोक होते आणि तुमचा शब्द शेवटचा होता. ते व्हॉट्सअ‍ॅपचं कौतुक नाही, तुमच्या दराऱ्याचं आहे.

उद्यमनगर काका
दरारा असेल तर असेल. पण २०२१ च्या जुलैत पुन्हा हायवे बंद झाला तेव्हाही त्याच ग्रुपवर काम झालं. दरवेळी नवं अ‍ॅप शिकवायला माझ्याकडं माणूस नाही. तुमच्या वयाची पोरं एका खिळ्यासाठी दुकान उघडतात.

व्हीनस कॉर्नर
आमच्या वयाचं काढू नका. जुलैत कुणाच्या शटरवर कितीपर्यंत पाणी होतं ते मी सांगू का?

कागलची एचआर
कुणी सांगू नका. दोन पूर सगळ्यांनीच बघितलेत. काका, त्या ग्रुपमध्ये नोकरी सोडून गेलेले किती जण अजून आहेत ते एकदा बघा. आमच्याकडं एक जण वर्षभरापूर्वी दुसऱ्या कंपनीत गेला, तरी रोजचं प्रॉडक्शन त्याला ग्रुपवर दिसत होतं. कुणाला काढायचं सुचलंच नाही. निदान कंपनीचं अकाउंट बंद केलं की प्लॅनर तरी बंद होतो.

उद्यमनगर काका
बघतो. दोघं तिघं असतील. एक तर आता माझ्याच गिऱ्हाइकाकडं परचेसला आहे, म्हणजे रेट त्याला इथूनच कळत असणार. असो.

गाळप हंगाम
पूर ओसरला असेल तर मूळ मुद्द्यावर बोलू का? मी साखर कारखान्यात. आमच्याकडं वरच्या साहेबांसारखेच कडक अ‍ॅडमिन आहेत. त्यांनी जुने ग्रुप साफ व्हावेत म्हणून एक्स्पायरी १८० दिवसांची लावली. कागदावर झकास. आता हिशेब करा. गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्यांचा आणि वाहनांचा प्लॅन कोण उघडणार? ग्रुप वापरात असेल तर आपोआप रिन्यू होतो. हंगाम संपला की वापर शून्य, मग नुसत्या सूचना जातात. मुदतीच्या ३० दिवस आधी, १५ दिवस आधी आणि १ दिवस आधी. कुणाला? ओनरला. ओनर कोण? हंगामी क्लार्क, जो एप्रिलमध्ये घरी गेलाय.

डिलीट झालेला ग्रुप ३० दिवसांत परत आणता येतो. आम्हाला कळलं तेव्हा बॉयलर पेटवायची तयारी चालू होती. मागच्या हंगामातल्या वाहनमालकांच्या सगळ्या नोंदी गेल्या. नियम अ‍ॅडमिनचा होता, बेशिस्त टीमचा नव्हता.

मोकळं रान
याला म्हणतात उत्तर. शिरोलीकर, काय म्हणणं?

शिरोलीचा सर्व्हर
म्हणणं असं की हा अ‍ॅडमिन नसल्याचा परिणाम आहे, असल्याचा नाही. हंगामी कारखान्याला १८० दिवस लावणारा माणूस उसाच्या गावचा नसणार. मुदत स्वतःच्या आकड्यात ठेवता येते, ठरावीक ग्रुपांनाच लावता येते, आणि ओनर नसलेल्या ग्रुपाच्या सूचना कुठल्या पत्त्यावर जाव्यात तेही देता येतं. यातलं काय केलं होतं?

गाळप हंगाम
पत्ता दिला होता. तो आधीच्या अ‍ॅडमिनचा होता. तोही सोडून गेलाय.

कागलची एचआर
मी काही बोलत नाही.

मोकळं रान
ठीक. दोन ओनरची अट मान्य, त्यातला एक कायम नोकरीतला हवा. नो ड्यूजमध्ये रकाना, हेही मान्य, ताईंना श्रेय. नावात खातं हवं, पण ते सांगून करून घ्या, पॉलिसी विकत घेऊन नको. बंदीला मात्र माझा विरोध कायम. आणि शिरोलीकरांनी अजून चार मेंटेनन्सपैकी खरा कुठला ते सांगितलेलं नाही.

शिरोलीचा सर्व्हर
तुमच्या मोकळ्या रानातून दोन गोष्टी माझ्याच यादीतल्या निघाल्या, तिसरीही येईल. बंदीऐवजी एक करतो. महिन्याकाठी नव्या ग्रुपांची यादी काढून प्रत्येक खातेप्रमुखाला पाठवतो. जो ग्रुप कुणीच आपला म्हणून ओळखला नाही तो बंद. बघू किती जण उत्तर देतात.

दुसरी पाळी
यादी मराठीत पाठवा आन् पाळी सुटायच्या आधी. ते डिलीटवालं कमांड आमच्या प्लॅनला कधी लावताय?

शिरोलीचा सर्व्हर
तुमच्या कंपनीचा अ‍ॅडमिन मी नाही, भावा. तुमच्या आयटीला ही कमांड दाखवा.

दुसरी पाळी
दावली. म्हणालं, मेल टाका.