सल्ला हवा: बहिणीच्या झटक्यांसाठी मराठी समुपदेशक (सातारा/पुणे)

मीनल_सातारा: धाकट्या बहिणीला झटके येतात. एमआरआय नॉर्मल. व्हिडिओ ईईजी चालू असतानाच झटका आला, पण मेंदूच्या लहरींत फिटचं काही दिसलं नाही. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, अपस्मार नाही, फंक्शनल झटके आहेत (खरे झटके, पण फिटसारखे मेंदूच्या लहरींतल्या बिघाडाने येत नाहीत), सीबीटी म्हणजे विचार-वागणुकीवर काम करणारी समुपदेशनाची थेरपी सुरू करा. कोणाकडे जावं? एका बैठकीला ८०० च्या वर झेपणार नाही.

देशमुख_काका: बी-१२ बघा आधी. माझ्या हातापायांना मुंग्या यायच्या, सगळे टेन्शन म्हणाले. इंजेक्शनं घेतली, आता दर रविवारी सिंहगड चढतो.

रेवा_टी: काका, तिचा झटका रेकॉर्ड झालाय, मुंग्यांचं काय घेऊन बसलात! मीनल, सरळ बेंगळुरूला निम्हान्स गाठ, मेंदू आणि मानसिक आजारांचं मोठं सरकारी हॉस्पिटल आहे. आम्ही विमानाने गेलो, हॉटेल जवळच मिळतं.

तिरपागडे: ८०० म्हणतेय ती. वाचता का?

गावकरी_७२: आमच्या आत्याचं असंच होतं. निव्वळ नाटक. कांदा हुंगवला की उठून बसायची.

नर्सताई: नाटक नाही हो. मुद्दाम कोणी करत नाही, तिचा ताबाच नसतो. डोळे घट्ट मिटलेले असणं, झटका लांबणं या खुणा असतात, पण घरी बसून ठरवू नका. काहींना अपस्मार आणि हे, दोन्ही असतं. फिटच्या गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका. झटक्यात आजूबाजूच्या वस्तू हलवा, तोंडात काही घालू नका. कांदा तर नकोच.

गावकरी_७२: आमच्याकडे चप्पलही हुंगवतात.

तिरपागडे: कोणाची?

सई_ठाणे: टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फुकट, मराठीत बोलतात. विमा असेल तर विचारून घे, २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारही धरावा लागतो.

रेवा_टी: कायद्यात लिहिलंय, पण ओपीडीचे पैसे कोण देतं? आमचा क्लेम लटकलाय अजून.

पुणेरी_अण्णा: १४४१६ ला फोन करा. आणि कर्वे रोडला कोणाकडेही जा, पार्किंग मात्र मिळत नाही. सिव्हिलच्या भानगडीत पडू नका, रांगेत दिवस जातो.

मीनल_सातारा: सगळ्यांचे आभार. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारलं, ते हळूहळू कमी करणार आहेत. आम्ही सिव्हिललाच जातोय, मानसोपचार ओपीडीत. रांग आहे, पण घरापासून रिक्षाने दहा मिनिटं, आणि बहिणीला तिथल्या मॅडमशी बोलावंसं वाटलं. पुण्याला जायला ती तयारच नाही.