मदत हवी आहे: नगरसेवकच नाहीत, तर घरपट्टी वाढवता येते का? घटनेतलं कलम सांगा (अर्जंट)

नदीकाठचा:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, सोमवारी हरकत द्यायची शेवटची तारीख आहे. घरपट्टीची नोटीस आलीये, आकडा जवळपास दुप्पट. आमच्याकडे बॉडीच नाहीये, डिसेंबर २०२१ ला मुदत संपली तेव्हापासून प्रशासक आहे. घटनेत पाच वर्षांनी निवडणूक घ्यायलाच पाहिजे असं लिहिलंय ना? मग आम्ही ज्याला निवडूनच दिलं नाही त्याने केलेली करवाढ बेकायदेशीर झाली की नाही? आळीतले सगळे सह्या करायला तयार आहेत, मला फक्त कलम नंबर आणि दोन ओळी पाहिजेत.

वाटसरू_पुणे:
नगरपालिका की महापालिका ते आधी सांगा. महापालिकेला १९४९ चा कायदा, नगरपालिकेला १९६५ चा. आणि नोटीस नक्की कसली आहे, दर वाढवल्याची की चार वर्षांनी घर परत मोजून मूल्य काढतात त्या फेरआकारणीची? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, त्यावरच सगळं ठरतं.

आंबेमोहोर:
अनुच्छेद २६५ लावा आणि मोकळे व्हा. कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता येत नाही, स्पष्ट लिहिलंय. मी एकदा एका खात्याला हेच लिहून दिलं होतं, गप्प बसले.

काळाकोट:
आंबेमोहोर, २६५ इथे चालणार नाही. त्याला कायद्याचा आधार लागतो, आणि १९६५ चा अधिनियम आहेच की. बॉडी नसेल तर तिचे अधिकार प्रशासक वापरतो, त्यामुळे नुसतं 'नगरसेवक नाहीत म्हणून कर रद्द करा' म्हटलं तर अर्ज तिथेच निकाली निघेल.
नदीकाठचा, तुम्हाला हवंय ते कलम २४३ यू. पाच वर्षं मुदत, ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण करायची, मध्येच बरखास्त झाली तर सहा महिन्यांत. २००६ ला अहमदाबाद महापालिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे बंधनकारक आहे म्हणून सांगितलं, मे २०२२ ला मध्य प्रदेशच्या केसमध्ये पुन्हा तेच. पण खरी अडचण पुढे आहे. मुदतीत निवडणूक झाली नाही तर काय, हे घटनेत कुठेच लिहिलेलं नाही. प्रशासक किती दिवस ठेवायचा त्यालाही मर्यादा नाही. राज्याच्या बाबतीत बघा, ३५६ खाली राष्ट्रपती राजवट लावली तर दोन महिन्यांत संसदेची मंजुरी लागते, मग दर सहा महिन्यांनी परत, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनंतर एका वर्षापुढे न्यायचं तर कडक अटी, आणि काही झालं तरी तीन वर्षांच्या पुढे नाही. म्हणजे केंद्राने राज्यावर राजवट लादू नये म्हणून एवढी तटबंदी केली, आणि राज्याने गावावर प्रशासक लादला तर एकही नाही. २४३ यू ज्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलं, तिच्यातला हा मला सगळ्यात मोठा खड्डा वाटतो.

नदीकाठचा:
नगरपालिका आहे, गावाचं नाव नको टाकायला. नोटीस घरपट्टीची आहे, अजून काय वेगळं असतं त्यात? काळाकोट साहेब, म्हणजे घटना मोडली तरी कर भरायचाच का? हे कुठल्या न्यायात बसतं?

सह्याद्री५२:
घटनेला दोष देणं सोपं आहे हो. घटनेने आपल्याला गावपातळीवर मत दिलं, राज्य निवडणूक आयोग दिला, बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने २०११ ला ते प्रमाण वाढवून निम्म्या जागांवर नेलं. १९८९ ला असंच विधेयक राज्यसभेत पडलं होतं, १९९२ ला ही ७४ वी दुरुस्ती मंजूर झाली, ते काय फुकट झालं का? मोडणारे राज्यकर्ते, आणि गप्प बसणारे आपण.

काळाकोट:
दोष देत नाहीये काका, जे चांगलं आहे ते मीच वर लिहिलं. पण घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी अठरा कामं आहेत, त्यातली कुठली गावाला द्यायची ते राज्य ठरवतं, कर कुठले बसवायचे तेही राज्य ठरवतं, एवढंच म्हणतोय. केरळने १९९६ ला राज्याच्या योजनेतला ३५ ते ४० टक्के पैसा खाली स्थानिक संस्थांना दिला तो तिथल्या सरकारच्या मनात आलं म्हणून. घटना तीच, राज्य वेगळं.

आल्प्स_ते_आंबोली:
मी झुरिकजवळ राहते. आमच्या छोट्या गावात वर्षाचं बजेट आणि कराचं प्रमाण गावसभेत ठरतं, मीही पासपोर्ट मिळाल्यापासून हात वर करते. गेल्या सभेत शाळेच्या छपरासाठी कर वाढवायचा होता तर एक आजी उठून हिशोब विचारत होत्या आणि गावप्रमुखाला कागद काढून दाखवावा लागला. भारतात हेच आणलं पाहिजे, मग असे प्रश्नच येणार नाहीत.

सह्याद्री५२:
ताई, त्याच देशात बायकांना देशपातळीवर मत १९७१ ला मिळालं, आणि एका कॅन्टनमध्ये (तिथल्या राज्यात) तर १९९० ला कोर्टाने सांगितलं तेव्हा. गावाच्या हातात सगळं दिलं की असंही होतं. बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याबद्दल जे परखड बोलले ते उगाच नाही.

आल्प्स_ते_आंबोली:
ते मान्य आहे, त्याची इथेही लाज वाटते लोकांना. पण त्यासाठी गावाचा पैसा मुंबईत बसून ठरवायचा हे उत्तर कसं होईल? मत सगळ्यांना हे वरून सक्तीचं करा आणि खर्च गावाला ठरवू द्या.

मोगरा:
घरपट्टीवरून आठवलं, वडील गेल्यावर घराला नाव लावायचं असेल तर मृत्यू दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा, नंतर फार धावपळ होते.

वाटसरू_पुणे:
ओबीसी आरक्षणाचं कुणीच बोलत नाहीये. निवडणुका अडकल्या त्या मार्च २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातल्या तिहेरी चाचणीमुळे (ओबीसी आरक्षणासाठीच्या तीन अटी: आयोगाने आकडेवारी गोळा करणं, त्यावरून प्रमाण ठरवणं, एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत) आणि पुढच्या याचिकांमुळे. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत घ्या म्हणून सांगितलं होतं. आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून पाहिजे, २०१६ ला आणला, २०२० ला काढला, २०२२ ला परत आणला, असा खेळ चालतो का कुठे?

नदीकाठचा:
अहो माझी सोमवारची तारीख आहे! नगराध्यक्षाचं नंतर बोला ना.

वसुली_लिपिक_निवृत्त:
मी नगरपालिकेच्या कर विभागात नोकरी केली, म्हणून विचारतो. नोटिशीत बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, वापर आणि करयोग्य मूल्य असे रकाने आहेत का? जुन्या पावतीशेजारी ठेवून बघा कुठला आकडा बदललाय ते.

नदीकाठचा:
आत्ता बघितलं. दर तोच आहे. क्षेत्रफळ वाढलंय, मागची पत्र्याची पडवी आरसीसी धरलीये, आणि पुढच्या खोलीला वापर 'वाणिज्य' लिहिलाय. तिथे आई शिवणकाम करायची, आता बंद आहे.

वसुली_लिपिक_निवृत्त:
मग ही फेरआकारणी आहे, सर्वेवाल्याने बाहेरूनच बघून भरलंय. सह्यांचा एकच अर्ज देऊ नका, प्रत्येकाने आपल्या घराचा वेगळा द्या, नाहीतर सुनावणीत एकाचंच नाव पुकारतात. पडवीचा फोटो, खोलीचा फोटो, जुनी पावती, वीजबिल घरगुती असेल तर तेही जोडा, आणि फेरमोजणी मागा. आवक नंबर आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका.

काळाकोट:
सहमत. २४३ यू चा मुद्दा शेवटच्या परिच्छेदात घाला: "मुदत संपून तीन वर्षांहून अधिक काळ लोकनिर्वाचित सभागृह नसताना आकारणी होत आहे, याबाबत आमचा आक्षेप नोंदवून घ्यावा." त्याने कर रद्द होणार नाही, पण नोंद राहील. सह्यांचं वेगळं निवेदन राज्य निवडणूक आयोगाला पाठवा, ते जास्त उपयोगाचं.

नदीकाठचा:
ठीक आहे, शेजारच्यांना आजच सांगतो, त्यांच्या नोटिशीतही पडव्या अशाच धरल्या असणार. सुनावणीला मुख्याधिकारीच बसतात का? वकील न्यावा लागतो का?

वसुली_लिपिक_निवृत्त:
वकील लागत नाही. कोण बसणार ते नोटिशीच्या मागे बघा, आणि मागची बाजू इथे टाका, नाव झाकून.