ईमला ‘प्लेगचं गाव’ म्हणणं थांबवायला हवं का?

ओढ्याकाठचा:
गेल्या ऑगस्टात ईमला जाऊन आलो. इंग्लंडच्या डर्बीशायरमधलं डोंगरातलं गाव. स्पेलिंग बघून आपण ‘एयाम’ म्हणतो, तिथले लोक ‘ईम’ म्हणतात. घराघरावर पाट्या: इथे प्लेगने अमुक जण गेले. 1665-66 मध्ये इथे प्लेग आला आणि साथ बाहेर जाऊ नये म्हणून गाव शिवेआत बंद राहिलं. त्या चौदा महिन्यांनी गावाचा बाकीचा सगळा इतिहास गिळून टाकलाय, असं माझं मत झालं.

नावच घ्या. 1086 च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करून घेतलेल्या जमिनींच्या मोजदादीत, हे गाव ‘आयुने’ म्हणून येतं. मूळ जुन्या इंग्रजीतला ‘एग’, म्हणजे बेट. त्याचं अनेकवचनी विभक्तीरूप ‘एगुम’: बेटांवर, बेटांपाशी. समुद्र तर लांबच. पण ओढ्यांच्या मधली कोरडी, उंच जागा हेही तेव्हाच्या माणसांना बेटच. लंडनच्या बॅटरसी या भागाच्या नावाच्या शेवटी हाच शब्द लपलाय. विभक्तीचा प्रत्यय हजार वर्षं नावात टिकून राहिला, मला तर हे फार सुंदर वाटतं! चर्चच्या आवारात आठव्या शतकाच्या सुमाराचा कोरीव दगडी क्रूस आहे. मी होतो तेवढ्या वेळात त्याच्याजवळ कुणी थांबलं नाही.

सांजवात:
म्हणजे नाव बेटाचं, आणि पुढे गाव खरंच बेटासारखं तुटलं. विलगीकरणावरूनच तर नाव पडलं नसेल?

ओढ्याकाठचा:
नाही. नाव प्लेगच्या निदान पावणेसहाशे वर्षं आधीचं आहे. शेवट ‘हॅम’ म्हणजे वस्ती असावा असंही वाटतं, पण डूम्सडेच्या रूपात ‘ह’ नाहीच.

चंद्रभागा:
नावाचं पटलं, बाकीचं अजिबात नाही. लंडनहून शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं, ओलं होतं म्हणून चुलीपुढे वाळत घातलं, आणि त्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स 7 सप्टेंबरला गेला. पुढच्या जूनमध्ये धर्मगुरू विल्यम माँपेसन आणि आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांनी गावाला शिवेबाहेर न जाण्याची गळ घातली. शिवेवरच्या दगडाला भोकं आहेत, त्यांत व्हिनेगर घालून नाणी ठेवायचे, बाहेरचे लोक धान्य ठेवून जायचे. मी त्या भोकांतून बोट फिरवलंय, कडा गुळगुळीत झाल्यात. नोंदीत 260 च्या आसपास मृत्यू आहेत. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. ज्या गावाने हे सोसलं त्याला दुसऱ्या कशाने ओळखायचं?

खडकमाळ:
सोसलं, हे शंभर टक्के खरं. ‘स्वखुशीने’ म्हणताना मात्र जपून. माँपेसनने स्वतःची दोन्ही मुलं आधीच बाहेर पाठवली होती. 1604 चा कायदा असा, की अंगावर प्लेगची गाठ असलेला माणूस बाहेर हिंडताना सापडला तर फाशीही होऊ शकत होती. खाणीत शिसं काढून पोट भरणाऱ्या माणसाला जायला जागा कुठे होती? हॅनकॉकबाईंना कुणी विचारलं होतं का? त्याग म्हटलं की ज्यांच्याकडे पर्याय नव्हता त्यांचा आवाज बुजतो.

चंद्रभागा:
मुलं पाठवली, पण स्वतः राहिला ना? बायको कॅथरिनही राहिली आणि ऑगस्ट 1666 मध्ये गेली. ती मुलांबरोबर सहज जाऊ शकली असती. तिच्यापुढे पर्याय होता.

खडकमाळ:
कॅथरिनबद्दल मान्य. तिच्यापुढे मी वाद घालणार नाही. पण एकीचा निर्णय सगळ्या गावाच्या नावे लावू नका.

पिंपळपार:
आपल्याकडे 1897 च्या प्लेगात लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिले. माझ्या पणजीचं बाळंतपण तसल्याच झोपडीत झालं. तिला कुणी धाडसी म्हटलं नाही, आणि ती स्वतःही म्हणायची नाही. म्हणून खडकमाळ यांचं मला पटतं. तरी पाट्या काढू नयेत. त्यांवर नावं आहेत, नुसता आकडा नाही.

ओढ्याकाठचा:
पाट्या काढा असं मी म्हणत नाही, पिंपळपार. त्यांच्याशेजारी आणखी एक लावा, ‘ईम, म्हणजे बेटांपाशी’. हॅनकॉकबाई राहत होत्या ते हेच गाव.