एकाच डोहातले शिंपले, पण डीएनएत ३० टक्के फरक?

वैनगंगाकाठ, पवनी: पात्र आटल्यावर एकाच डोहातून लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस हे गोड्या पाण्यातले शिंपले गोळा केले. कवच, बिजागरीचे दात सारखेच. फोल्मर प्रायमर (डीएनएची नक्कल सुरू करणारे छोटे तुकडे) वापरून सीओआय, म्हणजे जाती ओळखायला वापरतात तो मायटोकॉन्ड्रियातला जनुक, काढला, ऊती जननग्रंथीजवळची होती. पाच सिक्वेन्स (डीएनएतले अक्षरक्रम) एकमेकांशी जुळतात, दोन जवळपास ३० टक्के वेगळे. नवी जाती म्हणायची का?

शिंपीवाला: भाऊ, घाई करू नका. या गटात मायटोकॉन्ड्रिया (पेशीतले ऊर्जा देणारे, स्वतःचा डीएनए असलेले घटक) फक्त आईकडून येत नाहीत. मादी-प्रकार आई सगळ्याच पिलांना देते. नर-प्रकार शुक्रपेशीतून येतो, नर पिलांतच टिकतो आणि मुख्यतः वृषणात साठतो. युनिओनिडा या तुमच्या शिंपल्यांच्या गणात हे दोन वंश २० कोटी वर्षांहून आधी वेगळे झाले, म्हणून एवढा फरक. तुमचे ते दोन बहुधा नर आहेत. जननग्रंथीचा लेप सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, शुक्रपेशी दिसतील. मग त्याच प्राण्यांच्या पायातून सीओआय पुन्हा काढा. तो इतर पाचांशी जुळला, तर नवी जाती नाही. शिवाय आणखी एक खूण: नर-प्रकारात कॉक्स२ हा मायटोकॉन्ड्रियातलाच दुसरा जनुक शेवटाकडे सुमारे १८० कोडॉनने (तीन-तीन अक्षरांच्या गटांनी) लांब असतो.

प्रयोगशाळा_चंद्रपूर: पायाची २५ मिलिग्रॅम ऊती पुरते. कल्ले टाळा, मादी त्यांत अळ्या वाढवते आणि त्यांतल्या नर अळ्यांमुळे सिक्वेन्समध्ये सरमिसळ होते. शिंपला मिटलेलाच अल्कोहोलात टाकला तर आतलं पाणी अल्कोहोल पातळ करतं, मग आपल्याकडच्या मे महिन्यात डीएनए तुटायला वेळ लागत नाही. मिटवणारे स्नायू कापा, ऊतीच्या दहापट ९५ टक्के इथेनॉल घाला, दुसऱ्या दिवशी बदला. फॉर्मॅलिन अजिबात नको. पीसीआरला (डीएनएच्या नकला काढताना) बँडच आला नाही, म्हणजे नक्कलच झाली नाही, तर बहुतेक वेळा शिंपल्याच्या बुळबुळीत स्रावातली चिकट शर्करा आडवी येते. ती काढायला २ टक्के सीटॅब (शर्करा वेगळी करणारं रसायन), १.४ मोलर मीठ, ६० अंश, मग क्लोरोफॉर्म. तरी अडलं तर डीएनए वाढवू नका, दहापट पातळ करा.

वंशवृक्ष: सिक्वेन्सचं प्रथिनात भाषांतर करायला कोड तक्ता ५ (अपृष्ठवंशी प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचा) घ्या. त्यात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. तक्ता १ (नेहमीचा) राहिला तर तिथे स्टॉप दिसतो आणि चांगला जनुक केंद्रकातली निकामी नक्कल वाटतो. जेनबँक या सिक्वेन्सच्या सार्वजनिक साठ्यातले नर आणि मादी दोन्ही प्रकार वंशवृक्षाच्या झाडात घाला. तुमचे दोन सिक्वेन्स इतर जातींच्या नर-प्रकारांत बसले, तर शंका उरत नाही. कुळाच्या आतल्या नात्यांसाठी मायटोजीनोम (मायटोकॉन्ड्रियाचा सगळा डीएनए) फार कामाचा आहे. पण त्यावरून सबंध मृदुकाय संघाचं (शिंपले, गोगलगायी वगैरेंचं) झाड मांडू नका. वेगाने बदलणारे लिंपेट (टोपीसारख्या कवचाच्या गोगलगायी) आणि फुफ्फुसी गोगलगायी जवळचं नातं नसताना केवळ झाडातल्या लांब फांद्यांमुळे शेजारी येऊन बसतात. तिथे केंद्रकातले शेकडो जनुक लागतात.