जाम झालेला ब्लॉक: तेल, आग की हातोडा?

जुनं_इंजिन:
स्पष्टच बोलतो, राग आला तर येऊ दे. वर्षानुवर्षं उभी असलेली बाईक, हेड (इंजिनचं वरचं झाकण) निघालं, ब्लॉक (पिस्टन ज्यात खालीवर होतो तो सिलिंडर) हलत नाही म्हटलं की लोक सरळ स्क्रूड्रायव्हर घेऊन ब्लॉक आणि त्याखालच्या क्रँककेसच्या फटीत ठोकतात, मग दोन्ही जुळतात तो सपाट भाग खरवडला जातो आणि नंतर पॅकिंग कितीही भारी टाका, तेल झिरपतंच. काहीजण फिन्सखाली (ब्लॉक गार ठेवणाऱ्या पातळ पाकळ्यांखाली) पट्टी घालून उचकटतात. ओतीव लोखंड आहे ते, वाकत नाही, तुटतंच.

आधी कुठं अडकलंय ते बघा ना. क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेला तो खालचा दांडा) फिरतोय? मग पिस्टन मोकळा, अडकलंय ते खालचं पॅकिंग, डॉवेल (ब्लॉक जागेवर बसवणारी छोटी नळी) नाहीतर स्टड (ब्लॉकमधून वर येणारे आट्यांचे लांब दांडे). फिरत नाही? मग बहुतेक पिस्टनच्या रिंगा बोअरला (ब्लॉकच्या आतल्या भिंतीला) गंजून धरल्यात. दोन्हीकडे तेल घालायचं आणि थांबायचं. ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल आणि ॲसिटोन निम्मंनिम्मं, दरवेळी हलवून घ्यायचं, नाहीतर दोन्ही वेगळं होतं.

तापवा_आधी:
तेल घालून थांबायचं म्हणजे किती? पुढच्या दिवाळीपर्यंत? ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि आत स्टीलचे स्टड, त्यात ओल शिरली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी होऊन भोक वरपासून खालपर्यंत गच्च भरतं. तुझं तेल वरच्या बोटभर भागात थांबणार. तिथं उष्णताच लागते. ॲल्युमिनियम दर मीटरला दर डिग्रीला साधारण २३ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) फुगतं, स्टील १२ च्या आसपास.

जुनं_इंजिन:
हिशोब कर की मग. १० मिमीचं भोक, १०० डिग्री वाढवलं, दोन्ही सारखे तापले तर फरक पडला ०.०११ मिमी. एवढ्यासाठी आग?

तापवा_आधी:
हो, एवढ्यासाठीच. ब्लॉक उचलायला नाही, ती भुकटी तडकवायला. तापव, गार होऊ दे, परत तापव. आणि तडकल्यावर तेल घाल की, आता त्याला वाट मिळाली. हीट गन पुरते, गॅसची ज्योत कोण म्हणालं?

मोगरी_पंथी:
दोघंही स्टड तसेच ठेवून भांडताय 😄 दोन नट एकमेकांवर आवळा, खालच्या नटाला पाना लावून स्टडच बाहेर काढा. स्टड गेले की ब्लॉक डावी-उजवीकडे फिरवता येतो, लाकडी मोगरीने पोर्टच्या (गॅस ये-जा करायच्या भोकाच्या) जाड भागावर टकटक. वर ओढण्यापेक्षा फिरवल्यावर पॅकिंग लवकर सुटतं.

टू_स्ट्रोक_प्रेमी:
हे फोर स्ट्रोकला सांग. टू स्ट्रोकमध्ये रिंगांना पिन असते, रिंगेची फट पोर्टसमोर येऊ नये म्हणून. तू ब्लॉक फिरवलास की फट पोर्टमध्ये शिरणार आणि रिंग कट्कन तुटणार, वर पोर्टची कडही जाणार. तिथं सरळच ओढायचा.

चेन_साइड:
भांडायच्या आधी टायमिंग चेनच्या (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या साखळीच्या) बाजूचे बारके बोल्ट काढले का ते बघा. पुष्कळ इंजिनांत असतात. निम्मे "जाम" ब्लॉक तिथंच धरलेले असतात.

जुनं_इंजिन:
हे बरोबर बोललास. आणि तापवणाऱ्यांनो, माझं ॲसिटोन घातलेलं असेल तर ज्योत अजिबात नको. ब्रेक क्लीनर मारलाय आणि त्यात क्लोरीन असेल तर गरम झाल्यावर फॉस्जीन होतो, तो विषारी वायू आहे, गंमत नाही. शिवाय लोखंडी ब्लॉक ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये बसलाय तिथं ब्लॉक तापवून उलट घट्ट होणार, तापवायची क्रँककेस.

ग्रीसगन:
पिस्टन धरला असेल तर हेड परत बसवा, प्लगच्या भोकात आटे जुळणारा निपल (ग्रीसगन लावायचं तोंड) लावा, ग्रीस भरा. पिस्टनच्या माथ्यावर सगळीकडे सारखा दाब येतो, कनेक्टिंग रॉडला हातोड्याचे हिसके नाहीत. फोर स्ट्रोकला दोन्ही व्हॉल्व्ह बंद पाहिजेत. फक्त हवेचा दाब वापरू नका, पिस्टन सुटला की गोळीसारखा सुटतो.

टू_स्ट्रोक_प्रेमी:
आणि आमच्याकडं पिस्टन खाली अडकला असेल तर पोर्ट उघडे, सगळं ग्रीस सायलेन्सरच्या वाटेनं बाहेर.

मोगरी_पंथी:
खाली अडकला असेल तर बरंच की. क्रँक फिरवायचा प्रयत्न करा, पिस्टन ब्लॉकला घेऊनच वर येतो, खालून पिस्टनची पिन दिसली की काढा आणि ब्लॉक पिस्टनसकट प्रेसवर न्या.

तापवा_आधी:
आणि वर अडकला तर? तेव्हा पिस्टनचा बळी द्यायचा. वरून भोकं पाडून तुकडे करायचे. बोअर वाढवून ०.२५ किंवा ०.५० मिमीचा ओव्हरसाइज (तेवढा मोठा) पिस्टन बसतो, विषय संपला.

जुनं_इंजिन:
ड्रिल घसरून बोअरला खोल चर पडली की ०.५० काय, १.०० पण पुरत नाही, थेट नवी स्लीव्ह (ब्लॉकच्या आतली नळी). आणि ज्या गाडीचा पिस्टन कुणी बनवतच नाही तिचं काय करणार? मी तेलच घालणार, तू खुशाल भोकं पाड.