घरचा गेमिंग पीसी: विंडोज १० वरच राहावं की ११ टाकावं?

सेलूकर

नमस्कार मंडळी. पीसी २०२० मध्ये परभणीत असेंबल करून घेतलेला आहे. रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स २०६०. विंडोज १० एसएसडीवर आहे, ते दुकानदारानंच टाकून दिलं होतं. गेम्स सगळे १ टीबीच्या हार्डडिस्कवर.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. ११ टाकायला गेलो तर हा पीसी चालणार नाही म्हणून मेसेज येतो. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदला. यंदा सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन पाण्याखाली गेलं, त्यामुळे नवीन काही घ्यायचा विषयच घरात काढता येत नाही.

मी आणि धाकटा भाऊ व्हॅलोरंट आणि जीटीए ऑनलाईन खेळतो. बॅटलफील्ड ६ घ्यायचं मनात आहे. वडिलांचं नेटबँकिंग आणि पीकविम्याचं कामही ह्याच पीसीवर होतं. ११ टाकल्यावर एफपीएस (गेममध्ये सेकंदाला दिसणारे फ्रेम) पडतात असं मित्र सांगतात. काय करू?

मांजराकाठ

एक रुपयाही खर्च करू नका. रायझन ५ ३६०० विंडोज ११ च्या यादीत आहे. इंटेलमध्ये आठव्या पिढीपासून पुढचे आणि रायझनमध्ये साधारण २००० मालिकेपासून पुढचे प्रोसेसर चालतात (त्यातले २२००जी, २४००जी मात्र नाहीत). तुमचा बोर्डही चालतो. अडलंय ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्राममध्ये. बी४५० बोर्डांवर टीपीएम (सुरक्षेच्या की जपणारी सोय) बहुतेक वेळा बंद ठेवलेलं असतं, आणि दुकानात विंडोज जुन्या लेगसी पद्धतीनं टाकलेलं असलं की सिक्युअर बूट (फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू होत नाही. टीपीएम चालू नसलं किंवा पीसी सिक्युअर बूटला तयार नसला की ११ नकार देतं. प्रोसेसर बदला सांगणाऱ्यानं बायोस उघडून बघितलेलं दिसत नाही.

आधी खात्री करा. विंडोज आणि आर दाबून ‘एमएसइन्फो३२’ टाका. बायोस मोडसमोर लेगसी दिसतंय की यूईएफआय (बूटची नवी पद्धत), आणि खाली सिक्युअर बूट स्टेट काय दाखवतंय ते इथं सांगा.

एफपीएसचं म्हणाल तर ३६०० वर फरक जवळपास जाणवत नाही. ११ चा खरा फायदा इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या मोठ्या-छोट्या कोअरच्या प्रोसेसरांना होतो, तुमचे सहाही कोअर सारखेच आहेत. पडतात म्हणतात ते मेमरी इंटिग्रिटीमुळे, ती विंडोजच्या गाभ्याचं रक्षण करणारी सेटिंग आहे. कोऱ्या इन्स्टॉलवर ती बहुतेक पीसींत आपोआप चालू होते आणि काही गेम्समध्ये थोडे फ्रेम खाते. गेमिंगसाठी ती बंद करता येते असं खुद्द मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये लिहून ठेवलंय. पण ज्या पीसीवर वडिलांची बँक उघडते तिथं मी ती चालूच ठेवीन. चार फ्रेम कमी आले तर येऊ द्या.

औरंगपुरावाला

एवढी घाई कशाला? विंडोज १० ला एक वर्ष वाढीव सुरक्षा अपडेट मिळतायत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. आवृत्ती २२एच२ पाहिजे आणि मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक येते. एनव्हिडियासुद्धा आरटीएक्स कार्डांना विंडोज १० साठी गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२६ पर्यंत देणार आहे. चालत्या पीसीला हात लावायचा आणि ऐन सुट्टीत तो बंद पाडून बसायचं, मला पटत नाही. एक वर्ष आरामात खेळा.

मांजराकाठ

नोंदणी तर आजच करा, ह्यात वाद नाही. ११ टाकायला दोन महिने लागले तरी मधल्या काळात पीसी उघडा राहणार नाही. पण ते फक्त सुरक्षेचं ठिगळ आहे. आणि सेलूकरांनी बॅटलफील्ड ६ म्हटलंय. तो गेम विंडोज १० वरही सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणजे बायोसचं काम टळतच नाही. व्हॅलोरंटचं उलटं आहे, १० वर असंच चालतं, ११ वर गेलात की व्हॅनगार्डला (त्याच्या चीटिंग पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला) टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात, नसले की एरर देऊन बंद. कोणी इंटरनेटवरची युक्ती वापरून टीपीएमची तपासणी चुकवत ११ टाकायला सांगेल. अजिबात टाकू नका, विंडोज चालेल आणि व्हॅलोरंट जाईल.

सेलूकर

नोंदणी झाली, धन्यवाद दादा. बायोस मोड लेगसी दाखवतंय. यूट्यूबवर बघून डिस्कची जुनी मांडणी एमबीआर बदलून नवी जीपीटी करायचं विंडोजचंच टूल चालवलं, फक्त व्हॅलिडेट (आधीची तपासणी) केलं. फेल येतंय. आता फॉरमॅटच मारावा लागणार का?

हार्डवेअर_नांदेड

थांबा, फॉरमॅट नको. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पीसींमध्ये हे रोजचं आहे. डिस्क मॅनेजमेंट उघडून एसएसडीवर किती पार्टिशन आहेत ते मोजा. त्या टूलला एका डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात, एक्स्टेंडेड तर चालतच नाही. आपल्याकडे दुकानात सवयीनं २४० जीबीच्या एसएसडीचेसुद्धा सी आणि डी करून देतात. सिस्टम रिझर्व्हड, सी, रिकव्हरी आणि वर हे डी, झाले चार. डी मधलं सगळं हार्डडिस्कवर हलवा, डी डिलीट करा, परत व्हॅलिडेट करा. गेम्सची हार्डडिस्क एमबीआर राहिली तरी अडत नाही, विंडोज ज्या डिस्कवर आहे तेवढीच बदलायची.

क्रम सांभाळा. आधी कन्व्हर्ट, मग रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जायचं, सीएसएम (जुन्या लेगसी बूटची सोय) बंद करायचं, एफटीपीएम (एएमडी प्रोसेसरमधलंच टीपीएम) चालू करायचं, शेवटी सिक्युअर बूट. कन्व्हर्ट न करता सीएसएम बंद केलं तर विंडोज उठणार नाही. तसं झालं तर घाबरू नका, सीएसएम परत चालू करा, सगळं जिथल्या तिथं असतं.

आता बायोस अपडेटबद्दल, हे नीट वाचा. रायझनवर एफटीपीएम चालू केल्यावर गेम मधेच क्षणभर अडखळायचा, आवाजसुद्धा तुटायचा. एएमडीनं मार्च २०२२ मध्ये ते मान्य केलं आणि एजीसा (एएमडी बोर्ड कंपन्यांना देते तो बायोसचा गाभा) १.२.०.७ च्या बायोसमध्ये दुरुस्त केलं. तुमचा बोर्ड २०२० चा आहे, बायोस कधी बदललं नसेल तर जुनंच असणार. व्हॅलोरंट खेळणाऱ्याला हे अडखळणं सहन होत नाही, म्हणून अपडेट कराच, आणि ते सगळ्यात आधी करा. अपडेटनंतर बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात, त्यामुळे बाकीचं नंतरच केलेलं बरं.

पण लाईटचं काय? बायोस अपडेट (फ्लॅश) चालू असताना लाईट गेली तर बोर्ड मरू शकतो, आणि मग दुकानदाराचं म्हणणं खरं होईल. घरचा पंखे-दिव्यांचा इन्व्हर्टर भरवशाचा नाही. लाईट जाऊन तो लागेपर्यंत जो झटका बसतो त्यात बरेच पीसी रीस्टार्ट होतात. पीसीसाठीचा यूपीएस लावा, आणि त्याची बॅटरी खरंच टिकते का ते आधी प्लग काढून बघा. पाच वर्षांच्या यूपीएसची बॅटरी बहुधा गेलेली असते. यूपीएस नसेल तर कॅबिनेट उचलून ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे न्या. फाइल बोर्ड कंपनीच्या साइटवरूनच घ्या, बोर्डाच्या पाटीवरचा रिव्हिजन नंबर जुळवून. एका नंबरच्या फरकानं बायोस वेगळं असतं.

सेलूकर

पार्टिशन खरंच चार आहेत. डी रिकामं करतोय. यूपीएस चुलत्यांच्या झेरॉक्सच्या दुकानात आहे, रविवारी पीसी तिकडे नेतो. विंडोजची की वेगळी लागेल का? आणि वडिलांच्या फाइल्स?

हार्डवेअर_नांदेड

सेटिंग्जमध्ये अॅक्टिव्हेशन उघडा. डिजिटल लायसन्स दिसलं तर ११ फुकटात येईल, की मागणार नाही. दुकानदारानं क्रॅक करून दिलेलं असेल तर बँकेचं काम त्यावर आजपासूनच थांबवा. ते बँकेच्या अॅपवरून मोबाईलवर करा आणि लायसन्सचा प्रश्न आधी सोडवा. हे ११ टाकण्यापेक्षाही महत्त्वाचं आहे.

वडिलांचे सातबारा, पीकविम्याच्या पावत्या, फोटो, सगळं पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह पीसीपासून बाजूला ठेवा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू दिसलं तर बायोसला हात लावायच्या आधी ते बंद करा. ११ टाकल्यावर ते पुन्हा चालू झालेलं दिसलं तर मायक्रोसॉफ्ट खात्यातून रिकव्हरी की काढून वहीत लिहून ठेवा, नंतर कधी बायोस बदललंत तर विंडोज तीच की मागेल.

११ टाकल्यावर विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर दहा दिवस हलवू नका. नाही आवडलं तर तेवढ्या मुदतीत १० वर परत जाता येतं. व्हॅलोरंट पहिल्याच दिवशी चालवून बघा, आणि रविवारी काही अडलं तर बायोसच्या स्क्रीनचा फोटो इथं टाका, मी दुकानात असतो.